बेंद्रे म्हणजे मी येईन

स्पॅनिश शिकायला येणाऱ्यांची एक भाबडी समजूत असते. भविष्यकाळ हा भविष्याबद्दल बोलण्यासाठी असतो, असं त्यांना वाटतं. फी भरून होईपर्यंत आम्ही शिकवणारेही ती समजूत मोडत नाही. मग कधीतरी धड्यात दोन माणसं भेटतात. एक विचारतो, 'के ओरा सेरा?' दुसऱ्याच्या मनगटावर घड्याळ नाही. तो आभाळाकडे बघून म्हणतो, 'सेरान लास त्रेस.' तीन असतील. आता 'सेरा' आणि 'सेरान' ही दोन्ही 'असणे'ची भविष्यकाळाची अस्सल रूपं. आणि चर्चा चालली आहे आत्ता, या मिनिटाला किती वाजलेत त्याची.

आमच्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. मुलगी बार्सेलोनात, नातू मराठीपेक्षा स्पॅनिश बरं बोलतो, म्हणून या वयात वही-पेन घेऊन येतात. जमा-खर्च जुळला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी हात वर केला. "मॅडम, आजची नोंद उद्याच्या तारखेला कशी काय?" तेवढ्यात खालची बेल वाजली. मी विचारलं, "काका, कोण आलंय हो?"

"कोण असणार, कुरिअरवाला असेल."

"असेल म्हणजे कधी? उद्या?"

काकांनी वही मिटली. मग पुन्हा उघडून काहीतरी टिपून घेतलं.

मराठी माणसाला हा प्रयोग शिकवावा लागत नाही, तो दिवसभर हेच करत असतो हे फक्त दाखवून द्यावं लागतं. चष्मा कुठंय? असेल तिथेच. बाबा कुठे गेले? गेले असतील बँकेत. गॅस बंद केलास का? केला असेल. यातलं एकही वाक्य भविष्याबद्दल नाही. 'मला नक्की माहीत नाही आणि उठून बघायची इच्छाही नाही' एवढाच सगळ्यांचा अर्थ. स्पॅनिश माणूस उठून न बघता 'एस्तारा एन कासा' म्हणतो, असेल घरी. 'से आब्रा इदो', गेला असेल. रूपाला रूप जुळतं. इंग्रजीतून लिहिलेली स्पॅनिशची पुस्तकं याला 'संभाव्यतेचा भविष्यकाळ' असं भारदस्त नाव देऊन वेगळा धडा खर्ची घालतात. आपल्याकडे तो चष्मा शोधता शोधता उरकतो.

रूपं बनवणं तर अगदीच स्वस्तातलं काम. वर्तमानकाळात स्पॅनिश क्रियापदांची आर, एर आणि ईर अशी तीन घराणी, प्रत्येकाच्या चालीरीती निराळ्या. भूतकाळ तर एकाला दोन, आणि कुठला कधी वापरायचा यात माणसाचे केस पांढरे होतात. भविष्यकाळात मात्र सगळ्यांना एकच न्याय. मूळ क्रियापद आख्खं घ्यायचं, कात्री लावायची नाही, आणि मागे ए, आस, आ, एमोस, एइस, आन जोडायचं. आब्लार म्हणजे बोलणे. आब्लारे, मी बोलेन. आब्लारास, तू बोलशील. आब्लारा, तो किंवा ती बोलेल. कोमेर म्हणजे खाणे, कोमेरे. बिबीर म्हणजे जगणे, बिबिरे. संपलं. आपल्याकडे करीन की करेन यावरून वर्षानुवर्षांचे स्नेही बोलायचे थांबतात. जुनी माणसं सांगतात, सकर्मकाला ई आणि अकर्मकाला ए, म्हणून करीन पण बसेन. नवी पिढी सगळीकडे ए लावून मोकळी होते. हा वाद वर्गात एकदा निघाला की त्या दिवशीचं स्पॅनिश गेलं म्हणून समजावं. स्पॅनिश लोकांना या बाबतीत भांडायला जागाच ठेवलेली नाही, त्याचं मला कधी कधी वाईट वाटतं.

खोच आहे ती आघाताच्या रेघेत. सहापैकी 'एमोस' सोडून बाकी पाच रूपांत शेवटच्या अक्षरातल्या स्वरावर एक तिरकी रेघ द्यायची असते. विद्यार्थ्यांना ती शोभेची वाटते. पण आर घराण्यातल्या 'मी'च्या रूपावरून ती गाळली की जोर शेवटून मधे सरकतो आणि भलताच काळ तयार होतो. रोजच्या बोलण्यातून तो केव्हाच हद्दपार झाला, म्हणींत आणि कायद्याच्या पुस्तकांत मात्र तग धरून आहे. स्पेनच्या 1995 सालच्या दंडसंहितेचं 138वं कलम मनुष्यवधाचं. दहा ते पंधरा वर्षं कैद. त्यात 'जो कोणी मारील' यासाठी जे 'मातारे' आहे ते बिनरेघेचं. रेघेसकट 'मातारे' म्हणजे 'मी मारून टाकीन'. थोडक्यात, रेघ दिली तर धमकी, नाही दिली तर कलम.

नियम मोडणारी मुख्य क्रियापदं मोजून बारा. त्यांची 'मी'ची रूपं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते तेव्हा वर्गात हमखास खसखस पिकते. तेंद्रे, बेंद्रे, पोंद्रे, साल्द्रे, बाल्द्रे, पोद्रे, साब्रे, काब्रे, आब्रे, केर्रे, आरे, दिरे. सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली टपालपेट्यांवरची नावं वाचावीत तसं वाटतं. त्यातले बेंद्रे तर खरेच. चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे या दोघांच्याही आडनावाचा स्पॅनिशमध्ये अर्थ होतो 'मी येईन'. आरे म्हणजे 'मी करीन'. गोरेगावच्या दूध वसाहतीला याहून चांगलं ब्रीदवाक्य सुचायचं नाही. साब्रे म्हणजे मला कळेल, पोद्रे म्हणजे मला जमेल, काब्रे म्हणजे मी मावेन. हे शेवटचं मुंबईच्या लोकलमध्ये चढण्याआधी म्हणायला बरं. घोळ होतो तो एवढाच, की बेंद्रेच्या पोटात एक जादा मात्रा शिरून 'बेंदेरे' झालं तर अर्थ होतो 'मी विकीन'. 'रविवारी तुमच्या घरी येईन' असं कळवताना एवढं जपायला हवं.

हा 'द' मधेच कुठून उपटला, असं काकांनी विचारलंच. मूळ क्रियापद बेनीर. त्याचं सरळ रूप व्हायला हवं होतं 'बेनिरे'. घाईघाईत मधली इ गळाली, न आणि र एकमेकांवर आदळले, आणि जीभ घसरू नये म्हणून मधे द आला. यात परकं असं काही नाही. संस्कृत वानराचं आपण वांदर केलं ते असंच.

मागे जोडायच्या ए, आस, आ या शेपट्यांची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. लॅटिनला स्वतःचा वेगळा भविष्यकाळ होता. 'आमाबित' म्हणजे तो प्रेम करील, 'आमावित' म्हणजे त्याने प्रेम केलं. पुढे लोकांच्या तोंडी मधल्या ब आणि व यांच्यातला फरक पुसला गेला. मुलीच्या बापाला कळेना की प्रकरण अजून व्हायचंय की होऊन गेलंय. जुना भविष्यकाळ बुडाला त्याचं हे एक कारण सांगतात, आणि मला ते पटतं. मग लोकांनी आपली सोय आपणच केली. क्रियापदापुढे 'माझ्याकडे आहे' अशा अर्थाचं 'हाबेओ' लावायला लागले. 'कांतारे हाबेओ', मला गायचं आहे. आपलं 'मला जायचंय' याच बांधणीचं. बोलून बोलून दोन्ही शब्द एकमेकांना चिकटले, हाबेओ झिजून झिजून नुसता 'ए' उरला. म्हणजे ए, आस, आ, आन या भविष्यकाळाच्या शेपट्या नसून 'असणे-बाळगणे' या क्रियापदाच्या वर्तमानकाळाचे अवशेष आहेत. आन्तोनिओ दे नेब्रिहा याने 1492 मध्ये कास्तिलियन भाषेचं पहिलं व्याकरण सालामांकात छापलं, त्यात ही जोडणी त्याने बरोबर ओळखली होती. पुस्तक निघालं 18 ऑगस्टला. कोलंबस 3 ऑगस्टलाच गलबतं हाकारून निघाला होता. पंधरा दिवस थांबला असता तर व्याकरण तरी सोबत असतं. घाईत निघालेला माणूस पुढे कुठे पोचला आणि त्याला काय समजून बसला, ते आपल्याइतकं कोण जाणतं!

या नव्या भविष्यकाळाचा सगळ्यात जुना लेखी दाखला सापडतो सातव्या शतकातल्या फ्रेदेगारच्या बखरीत. लॅटिनमधून फुटलेल्या बऱ्याच भाषांतल्या भविष्यकाळाचा तो पूर्वज. बादशहा जस्टिनियन इराणच्या राजाला पकडतो आणि जिंकलेले प्रांत परत दे, म्हणून दरडावतो. राजा जुन्या, शुद्ध लॅटिन भविष्यकाळात उत्तरतो, 'नोन दाबो', नाही देणार. बादशहा नव्या गावठी भविष्यकाळात म्हणतो, 'दारास', देशील! आणि त्या जागी दारास नावाचं शहर वसतं. गोष्ट अर्थातच बनावट. दारा हे शहर खरोखर आहे, आज त्याचे अवशेष तुर्कस्तानात मार्दिनजवळ पाहता येतात, पण ते वसवलं होतं जस्टिनियनच्या आधीच्या आनास्तासिउस बादशहाने. तरी मला ही थाप आवडते. दोन राजे व्याकरणातून भांडतात आणि अशुद्ध बोलणारा जिंकतो, हा प्रसंग एरवी इतिहासात कुठे मिळणार?

जुन्या स्पॅनिशमध्ये या चिकटलेल्या जोडीच्या मधे सर्वनाम बसवता यायचं. 'दार-ते-ए', तुला द्यायचंय मला. स्पॅनिशने ती फट बुजवून टाकली. पोर्तुगीजने औपचारिक लिखाणात अजून राखली आहे, तेव्हा गोव्यात 1961 च्या आधी ज्यांनी शाळेत पोर्तुगीज घोटलं त्यांना हा प्रकार नवा वाटायचा नाही.

तर एवढा पिढीजात, एवढा सोपा काळ हाताशी असताना स्पॅनिश माणूस उद्याबद्दल बोलायला तो वापरतो का? बोलताना फारसा नाही. विशेषतः लॅटिन अमेरिकेत सगळा कारभार 'बोय आ'वर चालतो. 'बोय आ कोमेर', शब्दशः जेवायला जातोय, म्हणजे जेवणार आहे. इथवर ठीक. पण 'बोय आ केदार्मे' म्हणजे 'मी थांबायला जातोय', आणि माणूस खुर्चीवरून हलत नाही. 'बोय आ इर' म्हणजे 'मी जायला जातोय'. हसायचं कारण नाही. आपण निघताना दारात उभं राहून 'येतो' म्हणतो आणि जातो.

बाकी वेळ तो सरळ वर्तमानकाळ वापरतो. इथेही आपलं त्याचं छान जमतं. 'ते यामो मान्याना' म्हणजे 'करतो उद्या फोन'. हा फोन येतो. 'ते बोय आ यामार' म्हणजे 'फोन करणार आहे'. हा बहुतेक येतो. 'या ते यामारे' म्हणजे 'करीन मी तुला फोन'. हा येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात तिन्ही वाक्यांसमोर अर्थ एकच छापलेला असतो आणि बिचारा विद्यार्थी तिसऱ्याची वाट बघत बसतो. शुद्ध भविष्यकाळ जितका चोख, तितका फोन लांब. 'बघू' या आपल्या महान शब्दाला स्पॅनिशमध्ये जोड आहे 'या बेरेमोस', तोही भविष्यकाळातच. लहान मुलाने सायकल मागितल्यावर पुण्यातला बाप आणि माद्रिदचा बाप हुबेहूब एकाच स्वरात तो उच्चारतात, आणि दोन्हीकडची मुलं एकाच वेळी समजून चुकतात.

उद्यावर ढकलण्याची कीर्ती स्पेनला जुनी आहे, आणि ती गाजवली स्पॅनिश माणसानेच. मारिआनो होसे दे लार्रा याने 1833 मध्ये 'उद्या या' अशा अर्थाच्या मथळ्याचा विनोदी लेख लिहिला. एक फ्रेंच गृहस्थ पंधरा दिवसांत सगळी कामं उरकायच्या बेताने माद्रिदला येतो. त्याचं आडनावच मुळी 'विलंब नको' असं. जाईल तिथे त्याला सांगण्यात येतं, उद्या या. पंधरा दिवसांचे महिने होतात आणि गृहस्थ हात हलवत परत जातो. तलाठी कार्यालयात बसून वाचायला याहून चांगला लेख नाही. मेक्सिकोने या बाबतीत मायदेशालाही मागे टाकलं. तिथलं 'ओरिता' हे 'आत्ता'चं लाडकं रूप, आणि 'ओरिता बोय' म्हणजे 'आत्ता आलोच' याचा अवधी चहाच्या कपापासून पुढच्या जन्मापर्यंत कितीही असू शकतो.

आणि 'आलोच' म्हणणारे आपण कोण हसणार? स्पॅनिश माणूस निदान 'बोय' म्हणतो, जातोय किंवा येतोय. आपण घरातून पाऊल बाहेर पडायच्या आधी भूतकाळ ठोकून देतो. आलोच, निघालोच, पोचलोच! मला वाटतं, जे मुळीच घडलेलं नाही ते घडून गेलंय असं सांगण्यात आपला हात धरणारं कुणी नाही.

याचा वर्गात मात्र मला फायदा होतो. स्पॅनिशमध्ये 'जेव्हा'च्या मागे भविष्यकाळ आणणं गुन्हा आहे. 'कुआन्दो बेंद्रा' म्हटलं की परीक्षक लाल पेन उचलतो, तिथे 'कुआन्दो बेंगा' असं इच्छा-शंकेचं वेगळं रूप लागतं. 'जर'च्या मागेही तेच, तिथे वर्तमानकाळ हवा. 'सी युएबे, नो इरे.' पाऊस पडला तर जाणार नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं यावर तासन्‌तास डोकं खाजवतात. मी सांगते, मराठीत बोलून बघा. 'तो येईल की सांगते' असं म्हणता का? 'आला की सांगते' म्हणता. पाऊस 'पडला तर' म्हणता, तो पडायचा असला तरी. जे अजून व्हायचंय त्यावर अट घालताना भविष्यकाळ चालत नाही, हे तुम्हाला तीन वर्षांचे असल्यापासून येतंय.

मग हा चोख, रेघेचा भविष्यकाळ राहिला कुणासाठी? राशिभविष्य लिहिणाऱ्यांसाठी, हवामान खात्यासाठी, जाहीरनाम्यांसाठी आणि देवासाठी. बायबलमधल्या दहा आज्ञा स्पॅनिशमध्ये भविष्यकाळात आहेत. 'नो मातारास', 'नो रोबारास'. तू मारणार नाहीस, तू चोरणार नाहीस. ऐकायला हुकमापेक्षा आईचं बोलणं वाटतं, 'तू असलं काही करणार नाहीयेस, सांगून ठेवते!' उलट इक्वादोरच्या डोंगराळ भागात हेच रूप हुकमाची धार घालवण्यासाठी वापरतात. 'बेंद्रास मान्याना', उद्या येशील हं. आपल्याकडचं 'येताना कोथिंबीर आणशील' हेही याच जातीचं. त्यापुढे प्रश्नचिन्ह असतं, पण ते उत्तरासाठी नसतं.

शिव्यांसाठीही हा काळ फार उपयोगी. 'सेरास तोन्तो!' म्हणजे शब्दशः 'तू मूर्ख असशील!' अर्थ मात्र 'काय मूर्ख आहेस रे!' त्याहून मला आवडतो तो मान्य करून पाय ओढण्याचा प्रयोग. 'सेरा मुई लिस्तो, पेरो...', असेल मोठा हुशार, पण... या 'पण'च्या पुढे काय येतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. 'असशील शहाणा तुझ्या घरी' या वाक्यात शहाणपण आत्ताचं आणि घरही आत्ताचं, फक्त ते कबूल करायची आपली तयारी भविष्यातली. काकांना हा प्रयोग इतका भावला की पुढच्या तासाला त्यांनी जावयाबद्दल सहा वाक्यं लिहून आणली. सगळी 'सेरा'ने सुरू होणारी, सगळ्यांत 'पेरो', आणि व्याकरणात एकही चूक नाही.

जाता जाता, ज्यांनी स्पॅनिशचा भविष्यकाळ डोरिस डेच्या 1956 सालच्या गाजलेल्या गाण्यातून किंवा 2000 सालच्या 'पुकार'मधून उचललाय त्यांच्यासाठी. 'के सेरा सेरा' ही शब्दरचना स्पॅनिश व्याकरणात बसत नाही. तिथे सुरुवातीला 'लो के' लागतं. ऑस्कर मिळालं ते चालीला आणि शब्दांना, व्याकरणाला नव्हे.

शिकायचंच असेल तर बारा आडनावं आधी पाठ करा, बाकी तुम्हाला येतंच. आणि माद्रिदमध्ये नोकरीच्या मुलाखतीला गेलात, समोरच्या बाईंनी उठून हात मिळवला आणि हसून 'या ले यामारेमोस', आम्ही फोन करू, असं म्हणाल्या, तर सहातलं ते एकमेव बिनरेघेचं रूप ओळखता आलं म्हणून खूश व्हा, आणि संध्याकाळच्या आत दुसरीकडे अर्ज टाका.